माउस बिघडला, संगणक नव्हे

घरातला जुना संगणक अनेकदा स्वतःच्या दोषामुळे भंगारात जात नाही, असे माझे मत आहे. फायरिंगच्या वेळी रायफल अडकली तर आपण आधी बोल्ट मागे ओढून पाहतो, लगेच दुसरी रायफल मागत नाही. घरी मात्र माउस अडला की सगळे म्हणतात, "आता नवीन कॉम्प्युटर घेऊ."

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे हेच चालले होते. एकदा क्लिक केले की दोनदा व्हायचे, फाइल ओढताना मध्येच सुटायची. माउसच्या बटणाखाली एक छोटा स्विच असतो आणि त्यातली बारीक पत्री झिजली की असे होते. खात्री करायला मी तोच माउस शेजारच्या काकांच्या संगणकाला लावला. तिथेही तेच! म्हणजे दोष माउसचाच.

दुकानदार म्हणाले, "हा गोल पोर्ट आता कोण वापरतो? सिस्टीमच बदला." हा सल्ला मला पटला नाही. मागे सहा पिनांचे दोन गोल पोर्ट असतात, हिरवा माउसचा आणि जांभळा कीबोर्डचा. पण त्याच संगणकाला यूएसबी पोर्टही होते, मग अडचण कसली? साधा यूएसबी माउस तीनशे रुपयांच्या आत मिळाला. हिरवा कन्व्हर्टर मी मुद्दाम घेतला नाही, कारण दोन्ही पद्धती समजणाऱ्या माउसलाच तो चालतो. गोल पिनेचाच माउस घ्यायचा असेल तर आधी संगणक बंद करावा. तो चालू असताना ही पिन काढू-घालू नये.

माउस नसताना बंद कसा करायचा, असे आईने विचारले. विंडोज की दाबून बाणांच्या कळांनी पुढे जायचे आणि एंटर करायचे. डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले तर आकड्यांच्या कळांनीही बाण हलवता येतो. धाकट्या बहिणीला हे इतके आवडले की नवा माउस आल्यावरही ती तसाच हलवत बसली.

बाबांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. आमच्याकडे विंडोज ७ आहे आणि त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. म्हणून बँकेचे काम त्यावर करायचे नाही, असे आम्ही ठरवले. बहिणीचे टायपिंग आणि घरचे जुने फोटो यांना तो पुरेसा आहे.