शिवी, दाद आणि बंदी

अमेरिकेतील लॉस एंजलीस शहराच्या काही पोरांनी २००७ साली एक टोळके जमविले आणि त्याचे नाव ‘ऑड फ्यूचर’ असे ठेवले. पूर्ण नाव याहून बरेच लांब असून त्याच्या अखेरीस ‘सर्वांना ठार करा’ अशी आज्ञाही जोडलेली आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर हे नाव आले नसेल. परंतु घरातील सोळासतरा वर्षांच्या मुलांना विचारल्यास ती ‘तुम्हांला हे आत्ता समजले काय?’ अशा मुद्रेने पाहतील असा संभव आहे. त्यांच्या फोनमध्ये या टोळक्याच्या म्होरक्याची २००९ सालची जहाल गाणी आणि त्याचीच २०१९ सालची पारितोषिक मिळविणारी हळुवार गाणी एकाच यादीत शेजारी शेजारी नांदत असतात. मधल्या दहा वर्षांत काय घडले हे ती यादी सांगत नाही. ते सांगणे आणि त्यावर काही मत देणे हे मोठ्यांचे काम होय. आजवर मोठ्यांनी ते दोन सोप्या रीतींनी उरकले. काहींनी दाद दिली, काहींनी बंदी घातली. गाणे ऐकण्याचे आणि ऐकून विचार करण्याचे कष्ट दोन्ही पक्षांनी सारखेच टाळले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही गाणी आहेत तरी कशी ते पाहू. म्होरक्याचे नाव टायलर ओकोन्मा. स्वतःला तो ‘टायलर, द क्रिएटर’ म्हणवितो. वयाच्या अठराव्या वर्षी, २००९ सालच्या नाताळच्या दिवशी, त्याने आपला पहिला गीतसंग्रह इंटरनेटवर फुकट वाटला. त्या संग्रहाचे नाव ‘बास्टर्ड’. ही शिवी त्याने प्रथम स्वतःलाच दिलेली आहे. कारण ज्याने कधी तोंड दाखविले नाही अशा बापावरचा राग हाच त्या गाण्यांचा उगम आहे. २०११ साली ‘गॉब्लिन’ हा दुसरा संग्रह आला. दोन्ही संग्रहांची मांडणी मानसोपचारतज्ज्ञासमोर बसलेल्या मुलाच्या जबानीची आहे, आणि त्या तज्ज्ञाचा आवाजही टायलरनेच काढलेला आहे. एवढे सांगितले म्हणजे वाचकाला सहानुभूती वाटू लागेल. परंतु या जबानीत बलात्कार आहे, खून आहे, मुलीला डांबून ठेवण्याची कल्पनाचित्रे आहेत, आणि समलिंगी पुरुषांना हिणविणारी एक शिवी इतक्या वेळा आहे की, एका ब्रिटिश नियतकालिकाने ती मोजली तेव्हा आकडा दोनशेच्या पुढे गेला. नमुने आम्ही देत नाही. ते छापण्याजोगे नाहीत, आणि छापल्याने आमच्या म्हणण्याला बळकटीही येणार नाही. ‘यॉन्कर्स’ या गाण्याच्या चित्रफितीत टायलर झुरळ तोंडात घालतो आणि शेवटी गळ्याला फास लावून घेतो. त्या वर्षी एम टीव्ही वाहिनीने त्याला सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत म्हणून गौरविले.

हा केवळ वात्रटपणा होता, असे म्हणून मोकळे होता येत नाही. या मुलांजवळ कारागिरी होती. रॅप म्हणजे तालावर चालणारे बोलणे; त्यात यमक कोठे दडवावे, श्वास कोठे तोडावा आणि शब्द तालाच्या किंचित मागे कसा ठेवावा, हे ज्याला साधते तोच टिकतो. या पोरांना ते साधले होते. गाणी ती स्वतः रचीत, स्वतःच ध्वनिमुद्रित करीत, मुखपृष्ठे आणि चित्रफितीही स्वतःच तयार करीत. ध्वनिमुद्रणाची जागा म्हणजे सिड या त्यांच्यातील तरुणीच्या आईबापांचे घर. ही सिड समलिंगी असून तिने ती गोष्ट कधी लपविली नाही. पुढे याच टोळक्यातील फ्रँक ओशन या गुणी गायकाने जुलै २०१२ मध्ये जाहीर पत्र लिहून आपले पहिले प्रेम एका पुरुषावर होते हे सांगितले, आणि शिव्या देणारा टायलर त्याच्या बाजूने उभा राहिला. टोळक्याचे वकील हा दाखला नेहमी पुढे करतात. आम्हांला तो अपुरा वाटतो. मित्राने शिवी हसून घेतली म्हणून ती अनोळखी माणसाला लागत नाही, असे होत नाही. शाळेच्या वाटेवर हाच शब्द रोज पाठीवर झेलणाऱ्या मुलाला सिडची किंवा ओशनची संमती काय कामाची?

दाद देणाऱ्यांचा मोठा वर्ग समीक्षकांचा होता. २०११ साली नामांकित नियतकालिकांनी या मुलांवर रकानेच्या रकाने लिहिले. शिव्यांचा उल्लेख होई. नाही असे नाही. पण तो जेवणातील तिखटाविषयी बोलावे तसा. त्या वर्षी मे महिन्यात ‘टेगन अँड सारा’ या कॅनडातील जोडीच्या सारा क्विन यांनी एक जाहीर पत्र लिहून विचारले की, स्त्रियांविषयी आणि समलिंगी लोकांविषयी असले बोलणाऱ्याला कोणी खडसावत का नाही? टायलरने त्याला एका अश्लील कोटीने उत्तर दिले. ते त्याच्या वयाला शोभले. समीक्षकांकडून मात्र या प्रश्नाला प्रश्नाच्या तोलाचे उत्तर मिळाले नाही. आपण जुनाट ठरू, तरुणांचे आपल्याला काही कळत नाही असे कोणी म्हणेल, काळ्या मुलांना शिकविणारा गोरा उपदेशक अशी आपली संभावना होईल, या भीतीने धंदेवाईक निर्भीडांचीही वाचा बसलेली दिसते. विसाव्या वर्षी उद्धट असणे क्षम्य आहे. चाळिशीच्या समीक्षकाने केवळ तरुण दिसण्यासाठी गप्प बसणे आम्हांला तितके क्षम्य वाटत नाही.

येथे एक वकिली युक्तिवाद ऐकू येतो. हे सारे पात्राचे बोलणे आहे, कवीचे नव्हे. ‘गॉब्लिन’मध्ये एका गाण्याच्या आरंभी टायलरने तशी सूचनाच देऊन ठेवली आहे की, ही कल्पित कथा आहे, कोणी काही केले तर मला दोष देऊ नये. हा युक्तिवाद आम्हांला तत्त्वतः मान्य आहे. नाटकातील खलनायकाच्या तोंडची वाक्ये नाटककाराच्या खात्यावर मांडण्याचा मूर्खपणा मराठी रंगभूमीने पुष्कळ सोसला आहे. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर काय प्रसंग गुदरला ते जुन्या वाचकांना सांगावयास नको. परंतु पात्राची कवचकुंडले रंगमंचापुरतीच असतात. २०१३ साली ऑस्ट्रेलियात एका तरुण कार्यकर्तीने टायलरच्या कार्यक्रमांना विरोध केला. सिडनीतील कार्यक्रमात त्याने व्यासपीठावरून त्या जिवंत, नावाच्या स्त्रीला उद्देशून घाणेरडी शिवीगाळ केली, आणि त्याच्या चाहत्यांनी इंटरनेटवरून तिला बलात्काराच्या धमक्या दिल्या. त्या क्षणी कोणते पात्र बोलत होते? गाण्यातली कल्पित स्त्री आणि ही खरी स्त्री यांच्यातील भेद श्रोत्यांना कळतो, असे दाद देणारे सांगत होते. त्या श्रोत्यांपैकी काहींना तो कळला नाही. गायकाला तरी त्या दिवशी कोठे कळला होता?

आमचा मराठी वाचक या ठिकाणी नामदेव ढसाळांचे नाव घेईल, हे आम्ही जाणतो. ‘गोलपिठा’ निघाला तेव्हा सभ्य घरांनी त्यातील शब्दांना नाके मुरडली होती, आणि विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने प्रस्तावना लिहून त्या जगाची ओळख पांढरपेशांना करून दिली होती. मग तोच न्याय या पोरांना का नको? न्याय तोच लावावा. लावल्यावर निकाल मात्र वेगळा येतो. ढसाळांचा अपशब्द ज्यांनी गोलपिठा निर्माण केला आणि मग त्याकडे पाठ फिरविली त्यांच्या अंगावर जातो. तेथील वेश्येच्या बाजूने तो उच्चारलेला आहे. टायलरचा अपशब्द बहुधा आपल्यापेक्षा दुबळ्याच्या अंगावर जातो. रागाचे कारण पळालेला बाप, आणि मार खाते गाण्यातली मुलगी! शब्द अश्लील आहे की नाही यापेक्षा तो कोणाच्या दिशेने फेकला आहे, हे आम्ही अगोदर पाहतो.

आता बंदीवाल्यांकडे वळू. न्यूझीलंडने २०१४ साली सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण देऊन या टोळक्याला प्रवेश नाकारला. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रिटनने टायलरवर प्रवेशबंदी घातली. त्या वेळी गृहमंत्री थेरेसा मे होत्या. पुरावा म्हणून दाखविल्या गेलेल्या ओळी ‘बास्टर्ड’ आणि ‘गॉब्लिन’मधल्या, म्हणजे चार ते सहा वर्षांपूर्वीच्या होत्या. मधल्या काळात तो त्या देशात अनेकदा येऊन, गाऊन गेला होता. अठराव्या वर्षी लिहिलेल्या गाण्यासाठी चोविसाव्या वर्षी, तोही न्यायालयापुढे उभे न करता, एका सरकारी पत्राने दंड! असल्या दंडाने ब्रिटनमधील कोणत्या मुलीचे रक्षण झाले? गाणी तर प्रत्येकाच्या फोनवर होतीच. २०१९ मध्ये तो पुन्हा ब्रिटनमध्ये आला, जानेवारी २०२० मध्ये ‘इगॉर’ या संग्रहासाठी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या ब्रिट पारितोषिक समारंभात त्याने थेरेसा मे यांचे उपरोधाने आभार मानले. सभागृह हसले. सिडनीच्या त्या स्त्रीची आठवण त्या हशात कोणाला झाली असेल? बंदीने एवढेच साधले की, ज्याला जाब विचारावयाचा तो हुतात्मा झाला.

बंदीच्या हत्याराविषयी आम्हांला आणखी एक भय आहे आणि ते परदेशचे नाही. २०२३ साली महाराष्ट्रात दोन तरुणांवर रॅप गाण्यांबद्दल गुन्हे नोंदविले गेले. त्यांच्या गाण्यांत स्त्रीची विटंबना नव्हती. राज्यकर्त्यांवर टीका होती. असभ्य शब्द आवरण्यासाठी म्हणून जी कडी आपण सरकारच्या हाती देतो, ती नंतर कोणत्या दारांना घातली जाईल हे ठरविणे आपल्या हाती राहत नाही.

या सर्व प्रकरणात आम्हांला सर्वांत विचार करावयास लावणारा मुलगा टायलर नव्हे. तो दुसरा आहे. अर्ल स्वेटशर्ट हे त्याचे गाण्यातले नाव. आईबापांनी ठेवलेले नाव थेबे नेरुदा क्गोसित्सिले. चिलीच्या महाकवीचे नाव त्याला उगीच मिळालेले नाही. वडील केओरापेत्से क्गोसित्सिले हे दक्षिण आफ्रिकेचे थोर कवी, वर्णद्वेषी राजवटीमुळे वर्षानुवर्षे परागंदा झालेले, २००६ पासून त्या देशाचे राष्ट्रकवी. रॅपचे पूर्वसुरी मानल्या जाणाऱ्या ‘द लास्ट पोएट्स’ या न्यूयॉर्कच्या मंडळीने आपले नाव त्यांच्याच कवितेवरून घेतले. हे वडील मूल लहान असतानाच घर सोडून गेले. आई कायद्याची प्राध्यापिका. सोळाव्या वर्षी, २०१० साली, या मुलाने जो संग्रह काढला त्यात टोळक्यातील सर्वांत तल्लख शब्दकळा होती आणि सर्वांत ओंगळ बलात्कार-वर्णनेही होती. आईने त्याला उचलून सामोआ बेटावरच्या निवासी शाळेत धाडले. ‘अर्लला मुक्त करा’ अशा घोषणा गावोगावच्या कार्यक्रमांतून घुमू लागल्या, आणि चाहत्यांच्या रागाचा रोख साहजिकच त्या आईकडे वळला.

२०१२ च्या फेब्रुवारीत तो परतला. पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीतून कळले की, सामोआत त्याने लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या केंद्रात काम केले होते. ज्या गोष्टीची त्याने यमके जुळविली होती ती गोष्ट ज्यांच्यावर गुदरली, ती माणसे, त्यांत लहान मुलेही, त्याच्या समोर बसली होती. २०१३ साली त्याचा ‘डॉरिस’ हा संग्रह आला. हे नाव त्याच्या आजीचे. त्यातील त्याच्या स्वतःच्या उत्तम गाण्यांत सोडून गेलेला बाप आहे, घरी परतल्यावरचा परकेपणा आहे, आजीच्या मृत्यूची टोचणी आहे. तल्लखपणा किंचितही उणा झालेला नाही.

हे कोणत्या गृहमंत्र्याने घडविले नाही, आणि कोणत्या समीक्षकानेही नाही. एका आईने, चाहत्यांचे शाप पत्करून, मुलाला ‘हे चालणार नाही’ असे सांगितले. पण त्याचे गाणे तोडले नाही. टायलरच्या बाबतीतही वयाने काही काम केले आहे. २०२१ च्या संग्रहात, एका गायिकेविषयी लहानपणी लिहिलेल्या अर्वाच्य मजकुराबद्दल आपण तिची क्षमा मागितली, असे तो सांगतो. यावर कोणी म्हणेल, मुले मोठी होतातच, मग एवढा ऊहापोह कशाला? परंतु जुनी गाणी मोठी होत नाहीत. ‘गॉब्लिन’ आजही विसाव्या वर्षाचाच आहे, आणि आज रात्री तो ऐकणारा मुलगा चौदाचा असू शकेल. त्याच्याजवळ बसून ते गाणे पुरे ऐकावे, त्यातील ताल आवडला तर आवडला म्हणावे, आणि कोणत्या ओळीला आपली मान शरमेने खाली गेली तेही त्याला तोंडावर सांगावे. तो वाद घालील. घालू द्यावा.

जानेवारी २०१८ मध्ये केओरापेत्से क्गोसित्सिले वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अर्लचा ‘सम रॅप साँग्ज’ हा संग्रह निघाला. त्यातील एका तुकड्यात अर्ल स्वतः गात नाही. आईच्या भाषणाचा आवाज आणि कविता वाचणाऱ्या वडिलांचा आवाज त्याने एकमेकांत गुंफले आहेत.