हायस्कुलात असताना महाविद्यालयाचा भूगोल

भूगोल म्हटले की तुमच्यापैकी पुष्कळांना दहावीची चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका आणि तिच्यातील नकाशाचा प्रश्न तेवढा आठवतो. दहावी संपली, विज्ञान शाखेचा अर्ज भरला, की भूगोलाची वही रद्दीत जाते. मी पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात येणारी मुले ही वही रद्दीत घालूनच आलेली असतात. अशा मास्तराने तुम्हाला भूगोल शिकायला सांगावे, तोही महाविद्यालयीन दर्जाचा आणि आठवी-नववीपासून, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण माझे म्हणणे तेच आहे.

अमेरिकेत हायस्कुलातील मुलांना महाविद्यालयातील काही विषय आधीच शिकण्याची सोय आहे. त्यात मानवी भूगोलाची परीक्षा २००१ साली प्रथम झाली. आज तेथील नववीची मुलेसुद्धा तो विषय घेतात. कित्येकजण घरी बसून ऑनलाइन शिकतात. त्या परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये असते, तेव्हा तिच्या नादी लागण्याचे कारण नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम येतात. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. माझ्या मते हायस्कुलच्या मुलाने त्या प्रमाणपत्राच्या मागे लागूच नये.

खरी अडचण इंग्रजीची. पण बारावीचे भूगोलाचे मराठी पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. लोकसंख्या, मानवी वस्ती, भूमी उपयोजन, आर्थिक क्रिया ही तीच प्रकरणे त्यात आहेत. प्रकरण आधी मराठीत वाचावे आणि मग व्याख्यान ऐकावे. ‘मायग्रेशन’ म्हणजे स्थलांतर एवढे एकदा जुळले, की पुढचे इंग्रजी वाटते तितके अवघड राहत नाही.

आता पदार्थविज्ञानवाल्याला या विषयाची गोडी का लागावी, ते सांगतो. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या चाळिशीत काही अभ्यासकांनी हा नियम शहरांना लावून पाहिला. त्यांत प्रिन्स्टनचे जॉन स्टुअर्ट हे खगोलभौतिकीचे प्राध्यापक होते. वस्तुमानाच्या जागी लोकसंख्या घ्या. शहर जितके मोठे तितकी त्याची ओढ अधिक, आणि जितके दूर तितकी कमी. यालाच मानवी भूगोलात गुरुत्व प्रतिमान म्हणतात.

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, मुंबई सुमारे २५०. २०११ च्या जनगणनेत उपनगरांसह पुण्याची लोकसंख्या सुमारे ५० लाख आणि मुंबईची सुमारे १८४ लाख होती. लोकसंख्येला अंतराने भागा. मुंबईचे उत्तर ०.७४ येते, पुण्याचे ०.४५, म्हणजे मुंबईची ओढ दीडपटीहून जास्त. आता न्यूटनप्रमाणे अंतराच्या वर्गाने भागून पाहा. मुंबईचे ०.००२९, पुण्याचे ०.००४१. पुणे पुढे गेले! सूत्र तेच, आकडे तेच. फक्त अंतराचा घात एकावरून दोनवर नेला आणि निकाल उलटला. गुरुत्वाकर्षणात हा घात दोन असतो, तो निसर्गाने ठरवून दिलेला आहे. माणसांच्या बाबतीत तो कोणी ठरवून दिलेला नाही. किती घरांतील माणसे कुठे गेली हे मोजूनच तो काढावा लागतो, आणि ती घरे संगणकाच्या पडद्यावर नसतात. ती तुमच्या गल्लीत असतात.

मोजू लागलात की सूत्राबाहेरची माणसेही भेटतील. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यवसायाचे उदाहरण घ्या. सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी ही मंडळी देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफ पेठांत पोहोचली आहेत. गुरुत्व प्रतिमानाने पाहिले तर एवढ्या लांबच्या शहराची ओढ आटपाडीला जाणवू नये. पण एक चुलता गेला, त्याने पुतण्याला नेले, पुतण्याने मेव्हण्याला. याला साखळी स्थलांतर म्हणतात. इंग्रजी व्याख्यानात याचे उदाहरण बहुधा परदेशातील एखाद्या शहराचे असते. आटपाडीच्या मुलाने ते ऐकावे आणि आपल्या चुलत्याचे उदाहरण आहे हे त्याच्या ध्यानातही येऊ नये, याला मी शिक्षण म्हणणार नाही.

ही मंडळी बाहेर का पडली, याचे मूळ आकाशात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, माण तालुक्यात, तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. आटपाडी आणि जतची गतही तीच. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक दाखवणारे प्रदेश थोडेच. आता कऱ्हाड तालुक्यात कृष्णेचे पाणी उचलून टेंभू योजनेने ते पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांकडे नेले आहे. पाणी आल्यावर माणसे परत येतात की साखळी तशीच चालू राहते, हा प्रश्न महाविद्यालयीन काय, संशोधनाच्या दर्जाचा आहे.

आणखी एक आकडा पाहू या, कारण तो फसवा आहे. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सातारा जिल्ह्यात ९८८. पडद्यावरचे कोष्टक पाहून कोणीही म्हणेल, वा, सातारा मुलींच्या बाबतीत किती पुढे! पण जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील किती कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात गेले, हे तिकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुरुष मुंबईत मोजले गेले, म्हणून गावात स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसले. सहा वर्षांपर्यंतची मुले काही कामासाठी मुंबईला जात नाहीत. त्या वयोगटाचा आकडा काढलात, तर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत त्याच जनगणनेत तो नऊशेच्या आत आहे. मुलींच्या बाबतीत आपण पुढे नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय हाच या विषयाचा खरा उपयोग, आणि उद्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुला-मुलींना तो इतरांपेक्षा जास्त आहे.

शिक्षकांना एक विनंती. मुलाला मोबाइल देऊन घरी एकट्याने शिकू देण्यापेक्षा आठ-दहा जणांचा गट करा. आठवड्यात एक व्याख्यान शाळेत एकत्र दाखवा, मधेच थांबवा, ‘आपल्याकडे हे कुठे दिसते?’ असे विचारा. अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तरी बिघडत नाही. गुणपत्रिकेत याचे काही मिळणार नाही, तेव्हा पालक कुरकुर करतील, करू द्या.

दिवाळीच्या सुटीत गटाने चाळीस घरांचे कोष्टक करावे. रकाने चारच: कोण गेले, कोणत्या साली, कुठे, आणि तेथे आधीपासून ओळखीचे कोण होते. लग्न होऊन आलेल्या आई, काकू, आजी यांनाही मोजा. रॅव्हन्स्टाइन याने १८८५ साली इंग्लंडच्या जनगणनेवरून दाखवले होते, की बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचे असते. तुमच्या आजीचे माहेर किती कोसांवर आहे, हे विचारून त्याचा पडताळा पाहता येतो. मुलगे किती, मुली किती, हा प्रश्न मात्र कोणाच्या दारात उभे राहून विचारू नका. त्यासाठी जनगणनेची पुस्तके आहेत. कऱ्हाडच्या एका शाळेने आणि जतच्या एका शाळेने हेच कोष्टक भरले, तर अंतराचा घात दोन्ही ठिकाणी सारखा निघतो का, हे तपासता येईल.