‘नुसतं बसायचं’ काम

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाची जी प्रवचनं झडतात, त्यांत एका विद्वानांचं एक मत हमखास ऐकायला मिळतं. दवाखान्याच्या किंवा नर्सिंग होमच्या कौंटरवर लागणं हे काही करिअर नव्हे, ती वेळ मारून नेण्याची सोय. बरं हिंदी-इंग्रजी बोलणारी कुणीही मुलगी आठ दिवसांत हे काम शिकते. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, पैसे घ्यायचे आणि उरलेला वेळ नुसतं बसायचं. वर चढायला जागा नाही, लग्न झालं की मुली सोडून जातात आणि चार वर्षांत मोबाइलवरचं ॲप हे सगळं गिळणारच आहे. तेव्हा हुशार मुलांनी इकडे फिरकू नये. मत एवढंच आहे. ते सांगायला विद्वानांना तासभर लागतो, हा वक्तृत्वाचा महिमा.

हे मत एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या वातानुकूलित प्रतीक्षागृहात बसून बनलेलं दिसतं. तिथे चौकशीला एक माणूस असतो, बिलाला दुसरा, विम्याला तिसरा. भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर, गोडदेवात, केबिन रोडवर अशी चैन नसते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ५,२०,३८८ होती, ती २०११मध्ये ८,०९,३७८ झाली. मधल्या काळात, २००२ साली, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण भारतरत्न पंडित भीमसेन जोशी हे सरकारी रुग्णालय रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला. पूर्वेच्या माणसाला ताप आला तर तो आधी कोपऱ्यावरचा गाळ्यातला दवाखाना गाठतो आणि दाखल व्हायची वेळ आली तर पहिल्या मजल्यावरचं थोड्या खाटांचं नर्सिंग होम. अशा ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत कौंटरवर जी एक व्यक्ती असते, तीच ऑपरेशनची वेळ ठरवते, बोरिवलीहून येणारे व्हिजिटिंग डॉक्टर कुठे अडकलेत ते बघते, डिपॉझिट घेते, लॅबचा रिपोर्ट फाइलला लावते आणि मराठी, हिंदी, गुजरातीत आळीपाळीने समजुती घालते.

आता ‘आठ दिवसांत शिकता येतं’ या वाक्याकडे वळू, कारण बाकी सगळी इमारत याच विटेवर उभी आहे. सोनोग्राफी करणाऱ्या कोणत्याही केंद्रातला एक कागद घ्या: एफ फॉर्म. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला, १९८८ साली; केंद्राचा कायदा १९९४चा. या कायद्याखाली प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीमागे हा फॉर्म भरावा लागतो. वय, आधीची मुलं किती व कोणती, पूर्ण पत्ता, कुणी पाठवलं, किती आठवडे झाले, तपासणीचं कारण काय, तिचं प्रतिज्ञापत्र, डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र. दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायला हवा, कागद दोन वर्षं जपायला हवेत. यात रकाना कोरा राहिला, तर? कायदा म्हणतो की नोंदीतली त्रुटी किंवा चूक हाच कायद्याचा भंग, जोवर केंद्र उलट सिद्ध करत नाही तोवर. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. या ‘कारकुनी’ चुकांना गुन्हा मानू नये, हा युक्तिवाद डॉक्टरांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कारणही उघड आहे: बंद खोलीत काय बोललं गेलं याचा साक्षीदार नसतो, कागद तेवढा असतो. २०११मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, तेव्हा कागदावर कडक असणं ही सरकारी हौस नव्हती. विद्वान म्हणतील, सही डॉक्टरची असते, जबाबदारी डॉक्टरची, कौंटरवालीचा संबंध काय? संबंध हाच. रांगेत वीस बायका असताना डॉक्टर रकाने भरत बसत नाही. तो सही करतो ती दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या कागदावर, आणि मशीन सील होते ती त्या कागदापायी. ज्याच्या नजरचुकीने मालक कोर्टात उभा राहू शकतो, त्या कामाला ‘नुसतं बसायचं’ म्हणायला फार मोठी निश्चिंती लागते. आठ दिवसांत फॉर्म कुठे ठेवलेत ते कळतं. पत्ता अर्धवट सांगणाऱ्या, आधीच्या मुलांबद्दल गप्प होणाऱ्या, सासूकडे बघून उत्तर देणाऱ्या बाईकडून खरी माहिती तिचा अपमान न करता कशी काढायची, ते कळायला वर्षं जातात.

विम्याचंही तेच. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत, असा आदेश विमा नियामकाने २०२४मध्ये काढला. पण हे घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाने कागद पाठवल्यावर. अंतिम बिल, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट यांतलं एक राहिलं की विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएची क्वेरी येते आणि कपडे बदलून खाटेवर बसलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत तिथेच बसतो. शिवाय रुग्णाने आपले कागद मागितले तर ते ७२ तासांत देण्याचं बंधन २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचं २०२१च्या नर्सिंग होम नियमांत. भिंतीवरची ती सनद वाचून ‘मग यातलं हे का नाही?’ असं जो विचारतो, तो डॉक्टरला विचारत नाही, कौंटरला विचारतो.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. ॲप नंबर लावील. छातीत कळ घेऊन दारात आलेल्या माणसाला बाराव्या नंबरच्या आधी आत सोडायचा निर्णय ते कसा घेणार, ते विद्वानांनी सांगावं. लग्नानंतर मुली सोडतात हा आक्षेप कामाच्या वेळांवर आणि पगारावर घ्यायला हवा, मुलींवर नव्हे. तसंही हे भांडण जुनंच आहे. शंभर वर्षांपूर्वी रुग्णसेवा शिकणाऱ्या बायकांबद्दल आपल्याकडे याच सुरात बोललं जात होतं: चांगल्या घरातल्या बाईचं हे काम आहे का, यात शिकायचं ते काय? पुढे १९४७मध्ये परिचर्येच्या शिक्षणासाठी कायद्याने परिषद आली आणि तो सूर हळूहळू दबला. त्या वेळच्या विद्वानांपैकी कुणी शब्द मागे घेतल्याचं वाचनात नाही.

मग या कामाच्या बाजूने काय? एक दाखला खुद्द सरकारचा. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना आखताना नुसते डॉक्टर आणि पैसे पुरणार नाहीत हे कळलं होतं. म्हणून योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमले. शिधापत्रिका तपासणारा, मंजुरीचा पाठपुरावा करणारा, गोंधळलेल्या नातेवाइकाला धरून नेणारा माणूस. खासगी नर्सिंग होममधली कौंटरवरची व्यक्ती हेच काम बिल्ल्याशिवाय करते. दुसरं, आरोग्य-माहिती व्यवस्थापन हा विषय २०२१च्या सहाय्यक आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात स्वतंत्र व्यवसाय म्हणून आला आहे. वर जागा नाही म्हणणाऱ्यांनी तो पाहावा. पगार कमी आहेत, हे मात्र खरं, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७मध्ये आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची ठिकाणं त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर ठेवली गेली, आणि गाळ्यातला दवाखाना तीन-चार माणसांवर चालतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने पहिली नोकरी निवडताना पाचशे-हजार रुपयांच्या फरकाकडे पाहू नये. जिथे सोनोग्राफी, कॅशलेस आणि आंतररुग्ण अशी तिन्ही कामं हाताखालून जातात, ते नर्सिंग होम धरावं. मराठी टायपिंग पक्कं करावं, एफ फॉर्म आणि विम्याचे कागद स्वतः भरायला मागावेत, आणि नेमणूकपत्र घेताना त्यात ‘रिसेप्शनिस्ट’ एवढंच न लिहिता सोपवलेल्या कामांची यादी लिहून मागावी. पुढच्या ठिकाणी पगार ठरतो तो त्या यादीवर.