मांडीवरचे पुस्तक आणि भिंतीवरचे गाणे

सिलवासा-खानवेल रस्त्यावरील वासोणा हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील सिंहांमुळे. सुटीत आलेली पाहुणेमंडळी जाळीच्या गाडीत बसून सिंह पाहतात, दमणगंगेच्या जलाशयाकाठी घटकाभर रेंगाळतात आणि मुलांना घेऊन परत जातात. आज आम्ही वाचकांना त्याच वासोण्यातील एका घरात नेणार आहोत. तेथे सिंह नाही. एक आजी आहे, एक नात आहे, आणि त्या दोघींच्या मध्ये आलेले एक पुस्तक आहे. ते पुस्तक आम्हीच दिले होते, म्हणून या हकिकतीतील पहिला दोष आमच्याकडे येतो.

नात आठ वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची. खेळायच्या वेळी गुजराती, दूरचित्रवाणीपुढे हिंदी आणि जेवताना मराठी, असा तिचा दिनक्रम. देवनागरी अक्षरे तिला येतात, पण ती हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून आलेली. त्यामुळे ‘पाळणा’ हा शब्द ती ‘पालणा’ असा वाचते. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवीत, सावकाश वाचतात. वाढदिवसाला काय द्यावे, असा प्रश्न पडला तेव्हा ‘मराठी टिकले पाहिजे’ या आमच्या नेहमीच्या उत्साहात आम्ही गोष्टींचा एक जाडजूड संग्रह नेऊन दिला. आजींनी नातीला मांडीवर घेतले आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर त्या अडखळल्या. नात हसली. मुलांचे हसणे निर्मळ असते, त्यात दुष्टावा नसतो, हे आजींनाही कळत होते. तरी त्यांनी पुस्तक मिटले, “माझा चष्मा बदलायला हवा गं,” असे म्हणाल्या आणि उठून गेल्या. पुढे तीन महिने ते पुस्तक कपाटावर होते. चष्मा कोणी बदलला नाही, कारण चष्म्याचा प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या किती घरांत हा प्रसंग घडून गेला असेल, याचा वाचकांनी विचार करावा. आपण नेहमी म्हणतो की, मुलांना मराठी येत नाही. परंतु आजीआजोबांना नातवंडांपुढे मराठी वाचण्याचीही लाज वाटू लागते, हे आपल्या ध्यानात येत नाही. भाषा घरातून जाते ती अशी दोन्ही टोकांनी.

त्या दिवसापासून आम्ही निराळ्या पुस्तकांचा शोध घेऊ लागलो. ज्यांत शब्द थोडे आणि चित्रे बोलकी, ज्यांत घरची माणसे आहेत आणि जमल्यास गाणेही आहे, अशी पुस्तके आम्हांला हवी होती. गाण्याचा हट्ट एवढ्याचसाठी की वाचताना अडखळणारी आजी गाताना अडखळत नाही.

या शोधात हाती आलेले एक परदेशी पुस्तक सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हेरा विल्यम्स या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीने रोझा नावाच्या मुलीवर तीन चित्रपुस्तके केली. घरात तिघीच : आजी, हॉटेलात वाढपाचे काम करणारी आई आणि रोझा. आगीत घर जळते, तेव्हा एका मोठ्या बरणीत नाणी साठवून त्या आईसाठी एक आरामखुर्ची घेतात. ही 1982 सालच्या पहिल्या पुस्तकाची गोष्ट. दुसऱ्यात रोझाला वाढदिवसाचा अ‍ॅकॉर्डियन मिळतो. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीणच म्हणा ना. 1984 सालच्या ‘म्युझिक, म्युझिक फॉर एव्हरीवन’ या तिसऱ्या पुस्तकात आजी आजारी आहे, खुर्ची रिकामी आहे, आणि औषधपाण्यापायी बरणीही रिकामी झाली आहे. रोझा मैत्रिणींना जमवून वाद्यवृंद उभा करते, एका समारंभात वाजवते आणि मिळालेल्या पैशांतला आपला वाटा त्या बरणीत टाकते. एवढीच गोष्ट. संगीताची थोरवी सांगणारे एक वाक्य त्यात नाही. औषधाचा खर्च, रिकामी बरणी आणि अ‍ॅकॉर्डियन एकाच घरात नांदतात, हे त्या बाईंनी रंगांतून दाखविले आहे. आपल्याकडील बालपुस्तकांत संगीत आले की पाठोपाठ सरस्वती, कमळ आणि उपदेश येतो. मीठ-मिरचीच्या डब्याशेजारी ठेवलेली पेटी क्वचितच येते.

मराठीत काहीच नाही असे मात्र कुणी समजू नये. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तके ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी ती अवश्य मागवावीत. आपल्या घरातली माणसे कोण, कशी, हे त्यांत एक लहान मुलगी आपल्या परीने सांगते. त्या चित्रांतले स्वयंपाकघर आपले असते, पसाराही आपलाच असतो. माधुरीताईंनी मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात आणि पुढे पॅरिसला चित्रकलेचे शिक्षण घेतले. गायिका आणि अभिनेत्री म्हणूनही त्या परिचित आहेत, आणि कानाने ऐकून लिहिणाऱ्या माणसाचे वाक्य मुलांच्या तोंडी सहज बसते, हा आमचा अनुभव त्यांच्या पुस्तकांनी पक्का केला. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. याखेरीज नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातील स्वस्त पुस्तके आहेत, आणि 1971 पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. बटण दाबताच वाजणारी पुस्तकेही बाजारात मिळतात. त्यांविषयी आमचे मत चांगले नाही. पुस्तकच गाऊ लागले तर आजीने काय करावे? सुदैवाने त्यांची बॅटरी लवकर संपते.

परंतु पुस्तकांचा शोध घेता घेता आमच्या लक्षात आले की, गाणे, चित्र आणि नाती यांना एकत्र बांधणारे सर्वांत जुने पान तर वासोण्याच्या आसपासच आहे, आणि ते कागदाचे नाही. वारली घरात लग्न निघाले म्हणजे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. चौक ‘काढीत’ नाहीत, ‘लिहितात’. हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकात पालघट देवी असते, आणि भोवती झाडे, जनावरे, माणसे. लग्न लावते ती धवलेरी. ती पुरुष भटजी नव्हे, तर गाणी म्हणून विधी चालविणारी स्त्री असते. म्हणजे एकीकडे चित्र उमटत असते, दुसरीकडे गाणे चालू असते, आणि या दोहोंवाचून दोन घरांची सोयरीक पुरी होत नाही. आपण ज्याला चित्रपुस्तक म्हणतो त्यात याहून निराळे काय असते?

त्याच चित्रसृष्टीत तारपा आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या नळ्या, मेणाने बुजविलेले सांधे, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा असे हे वाद्य. वाजविणारा मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फेर धरतात. फेर गोल फिरतो, उलगडतो, पुन्हा आवळतो, परंतु नाचणारे तारपेवाल्याकडे पाठ करीत नाहीत. 1970 नंतरच्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची सृष्टी कागदावर आणली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. चेन्नईच्या तारा बुक्सने 2009 साली रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांकडून ‘डू!’ हे लहान मुलांचे पुस्तक करवून घेतले. तपकिरी कागदावर पांढऱ्या रेषा आहेत. एका पानावर एक क्रियापद, आणि त्याभोवती ते काम करणारी सारी वस्ती. पुस्तक इंग्रजी आहे. पण ते मराठी आजीच्या हाती दिले तर भाषेचा अडसर येत नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी मात्र या मातीतल्या आणखी एका गाण्याविषयी लिहिणे भाग आहे.

दर वर्षी 2 ऑगस्टला सिलवाशात मुक्तिदिन साजरा होतो. 1954 साली याच दिवशी सिलवासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मोकळे झाले. त्याआधी जुलैमध्ये दादरा आणि नरोली मोकळी झाली होती. सैन्य आले नव्हते. स्वयंसेवक आले होते. राजा वाकणकर यांच्यासारख्या मंडळींबरोबर या मोहिमेत एक संगीतकार होते, सुधीर फडके. मोहिमेला पैसा हवा होता, तेव्हा त्यांच्या शब्दाखातर लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून दिला. म्हणजे हा प्रदेश मुक्त होण्यात गाण्याचा वाटा आहे, आणि तो अलंकारिक अर्थाने नव्हे, तर रोख रकमेच्या अर्थाने. गायक-संगीतकार हाताशी असताना त्यांना बंदूक आणि रातोरातचे कूच कशाला हवे होते, असे कुणी विचारील. बाबूजींना तसे वाटले नाही. घरी पत्नी ललिताबाई, त्याही गायिका, आणि लहानगा श्रीधर होता. पुढे तोही संगीतकारच झाला.

मोहिमेला आठ महिने होतात न होतात तोच, 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत. दर आठवड्याला एक, अशी 56 गीते. ललिताबाईही त्यात गायल्या. त्याचा आरंभ कुठे होतो हे वाचकांना सांगायला नको : दोन मुलगे भरसभेत आपल्या पित्यापुढे उभे राहून त्याचीच कथा गातात, आणि आपण कुणापुढे गात आहोत हे त्यांना ठाऊक नसते. घर दुभंगलेले आहे, आई वनात आहे. बाप आणि मुले यांच्यात दुवा राहिला आहे तो गाण्याचाच. संगीत आणि कौटुंबिक नाते यांविषयी लहान मुलाला सांगायचे तर याहून सोपे आणि याहून कठीण दुसरे काय सांगणार?

आणखी एक धागा. त्याच मुक्तिसंग्रामात बाबासाहेब पुरंदरेही होते. आणि ज्यांच्या चित्रपुस्तकांची शिफारस आम्ही वर केली, त्या माधुरीताई त्यांच्याच कन्या. वडील ज्या प्रदेशाच्या मुक्तीसाठी आले, तेथील मराठी घरांत आज मुलीची पुस्तके टपालाने येतात. ज्याच्या अंगी चित्र आहे अशा कुणी तरी आता हे पुस्तक करावे, अशी आमची फार इच्छा आहे. पहिल्या पानावर पेटी आणि तिच्याशेजारी झोपलेले मूल. मग पावसातली दमणगंगा. मग भातखाचरांतून जाणारी माणसे, वारली रेषेत. आणि शेवटच्या पानावर पुन्हा तीच पेटी, मूल जागे झालेले. ओळी दहाच्या वर नकोत, म्हणजे आमच्या आजींना त्या पाठ होतील.

तर, आजींचे काय झाले? दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो तेव्हा सोबत ती तपकिरी पाने नेली होती. या खेपेस ‘वाचा’ असे म्हटले नाही. नुसते पुस्तक ओट्याजवळ ठेवून चहाची वाट पाहत बसलो. आजींनीच ते उघडले. एका पानावर धान्य कांडणाऱ्या बाया होत्या. आजींनी त्यांच्यावर बोट ठेवले आणि काही न बोलता एक ओवी म्हटली. ती त्यांच्या आईची, जात्यावरची, भावाला बोलावणारी. आवाज कापरा होता, पण अडखळला नाही. नात दारातून आत आली.

“हे कुठे लिहिलंय?” तिने विचारले.

“इथेच,” आजी म्हणाल्या, आणि पान उलटले.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला वाचन म्हणावे की नाही हे आम्हांला ठरविता आलेले नाही. नात चित्रातले माणूस दाखवते, आजी त्याला गाणे देतात. जाते म्हणजे काय, मुराळी म्हणजे कोण, माहेरी न्यायला भाऊच का येतो आणि आई स्वतः का जात नाही, असे प्रश्न निघतात. शेवटच्या प्रश्नावर आजी बराच वेळ गप्प होत्या, असे सूनबाईंनी सांगितले. ‘पाळणा’ आता पाळणाच म्हटला जातो, कारण त्यात गाताना ‘ल’ बसत नाही. तो जाडजूड संग्रह अजून कपाटावरच आहे, आणि आम्हीही त्याची आठवण काढीत नाही.

गेल्या भेटीत नातीने आम्हांला आपली वही दाखविली. तिने तारप्याचा फेर काढला होता, दोन त्रिकोणांची माणसे, हातात हात. मध्ये तारपेवाल्याच्या जागी जात्यापुढे बसलेली आजी होती. आजींनी चष्मा लावून ते चित्र नीट पाहिले. आपल्या नाकात नथ नाही, एवढी एकच तक्रार त्यांनी केली. “त्रिकोणाला नाकच नसतं, आजी,” नात म्हणाली. त्यावर दोघींचा जो वाद सुरू झाला, तो आम्ही निघेपर्यंत मिटला नव्हता.