पहाटेची शिफ्ट

मे महिना उजाडला की माझ्या मोबाइलला अचानक आईची आठवण येते. साडीवर वीस टक्के, फेशियलवर फेशियल फ्री, डिनरला आई मोफत (सोबत बिल भरणारी दोन माणसं असतील तर!). सगळ्या मेसेजेसमध्ये एक शब्द कॉमन असतो. त्याग. ‘तिच्या त्यागाला सलाम’ म्हणायचं आणि खाली कूपन कोड.

खरं सांगू? मला ह्या शब्दाचं जरा टेन्शनच येतं. शाळेत ‘माझी आई’ ह्या निबंधात तो लिहून लिहून इतका घासलाय, की आई म्हटलं की डोळ्यांपुढे एकच बाई येते. सगळ्यांना गरम वाढून स्वतः शिळं खाणारी. तिच्याकडून मुलींनी नक्की घ्यायचं काय? शिळं खाणं?

म्हणून ह्या वेळी मेसेज डिलीट केले आणि एका दुसऱ्याच आईबद्दल वाचत बसले. लक्ष्मीबाई डोंगरे. ओळखीचं नाव नाही ना वाटलं? पंडिता रमाबाईंची आई.

गोष्ट तशी पुण्यातच सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे हे रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकायला आले. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यावर जाऊन बाईसाहेबांनाही संस्कृत शिकवायचे. एक बाई संस्कृत म्हणतेय, हे ऐकून ह्या तरुणाच्या डोक्यात बसलं की आपणही बायकोला शिकवायचं. पहिल्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. पहिली बायको गेल्यावर, चाळिशी ओलांडलेली असताना, त्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी नऊ वर्षांची. तीच लक्ष्मीबाई.

नऊ! आपल्याकडे त्या वयात मुलीला एकटीला रिक्षात बसवत नाहीत. हिला कोणी काही विचारल्याची नोंद नाही. नवऱ्याने संस्कृत शिकवायला घेतलं, गावाने डोळे वटारले, तेव्हा तो तिला घेऊन थेट सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात राहायला गेला. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता. पोरगी पासोडीत स्वतःला गुंडाळून जमिनीवर थरथरत पडली होती आणि नवरा पहाटेपर्यंत राखण करत होता. ही आठवण पुढे रमाबाईंनी सांगितली आहे, म्हणजे आईने ती लेकीला नक्कीच सांगितली असणार.

आता गंमत बघा. पुस्तकांत, भाषणांत ह्या घराचं क्रेडिट कोणाला जातं? अनंतशास्त्र्यांना. बायकोला शिकवणारा काळाच्या पुढचा नवरा! क्रेडिट त्यांचं आहेच, मी नाकारत नाहीये. पण १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या तोवर शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाहुणचार करता करता घर कर्जात गेलं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना सगळ्यांनी जंगल सोडलं, ह्या बाळाला वेताच्या पेटीत घालून. मग वर्षानुवर्षं तीर्थयात्रा, देवळांच्या ओसऱ्या आणि पुराणं सांगून मिळेल त्यावर संसार. त्या फिरस्तीत साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत रमाबाईंना शिकवलं ते आईने.

कधी? दिवसा स्वयंपाक, धुणं, आजारी म्हातारा नवरा, पोरं. वेळच नाही. म्हणून पहाटे, सगळे उठायच्या आधी. झोपेने जड झालेल्या लेकीला उचलून, गोंजारून जागं करायचं आणि श्लोक म्हणून घ्यायचे. पुस्तक वगैरे नाही, आई म्हणेल ते ऐकायचं आणि परत म्हणायचं. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना पुराणांतले १८,००० श्लोक पाठ होते म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र आकडा राहिला नाही, ती पहाटेची शिफ्ट राहिली. दिवसभराची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी लक्ष्मीबाईंनी स्वतःला आवडणाऱ्या गोष्टीसाठी तास-दोन तास काढून ठेवले होते, आणि ते कोणालाही दिले नाहीत. लेकीला सोडून.

मोठी लेक कृष्णाबाई. तिचं लग्न रीतीप्रमाणे लहानपणीच लावलं आणि ते वाईट ठरलं. त्यावरून शहाणे होऊन आईवडिलांनी धाकटीचं लग्न लावलंच नाही. त्या काळात, ब्राह्मण घरात, सोळा वर्षांची बिनलग्नाची मुलगी! नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या बाईच्या दृष्टीने हे केवढं असेल, विचार करा.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये आधी वडील गेले, थोड्याच काळात आई. शेवटच्या आजारात तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटली. रमाबाई शेजारणीकडे मागायला गेल्या आणि तोंडातून शब्द फुटेना. इतकं संस्कृत येणाऱ्या मुलीला ‘भाकरी द्या’ म्हणता येईना. शेजारणीनेच ओळखून तुकडा दिला, पण तो खायची ताकद आईत उरली नव्हती. तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. भाऊ, कशीबशी तयार झालेली दोन माणसं आणि चौथी रमाबाई. ती उंचीने कमी, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन चालली. काही महिन्यांनी कृष्णाबाईही गेली.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा २४ वर्षांच्या होत्या. आपल्यातल्या बऱ्याच जणींची पहिली-दुसरी नोकरी चालू असते त्या वयात. नवरा नुकताच गेलेला, पदरात वर्षभराची मनोरमा. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना सांगितलं की बायकांना शिक्षिका हव्यात, बायका डॉक्टर हव्यात. (पुढे त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात काय वादळ झालं, तो एका वेगळ्या कॉलमचा विषय.) १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते लवकरच पुण्यात आलं. तिथे शिकलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आणि कर्व्यांनी पुढे विधवांसाठी जो आश्रम काढला तो हिंगण्याचा. म्हणजे आपण रोज संध्याकाळी जिथे सिग्नलला शिव्या घालत उभे असतो ते कर्वेनगर. लक्ष्मीबाईंच्या पहाटेचा एक धागा तिथपर्यंत येतो!

१८८७ मध्ये अमेरिकेत रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक निघालं. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’. ते त्यांनी आईला अर्पण केलंय. कशासाठी? आईच्या प्रेमासाठी आणि तिच्या शिकवण्यासाठी. तिने काय काय सोसलं त्याची यादी तिथे नाही. मला हे फार आवडलं.

कारण आमच्या घरी यादी होती. आई बँकेत क्लार्क. ऑफिसर व्हायची संधी आली आणि तिने ती सोडली. ऑफिसर म्हणजे बदली, आणि आम्ही दोघी शाळेत. ती स्वतः हे कधी उगाळत बसली नाही, पण मावश्या-आत्या प्रत्येक लग्नात आठवण करून द्यायच्या, ‘तुमच्यासाठी सोडलं हो तिने!’ ताईने आणि मी ते असं काही मनावर घेतलंय की हॉटेलात मेन्यूसुद्धा आम्ही उजव्या बाजूने, किंमतीकडून वाचतो. मागच्या वर्षी ताईला हैदराबादला टीम लीड म्हणून बोलावलं. पगार मस्त, काम आवडीचं, नवरा तयार. तरी मॅडम आठवडाभर तोंड पाडून. लेक दुसरीत आहे ना! आईने आपल्यासाठी सोडलं, मग आपण घेतलं तर आपण कसल्या आई?

शेवटी ताईने फोनवर आईला विचारलंच, ‘तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का गं?’

‘वाटलं की. रडलेसुद्धा बाथरूममध्ये.’

‘मग आता मी काय करू?’

‘मला तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. सासूबाई आजारी, तुझे बाबा फिरतीवर. तुला जमतंय ना? मग विचारतेस काय मला? आणि मी सोडलं ते तुम्ही पण सोडावं म्हणून नव्हतं गं. गुरुवारी रात्री तुमची गणितं घेत बसायचे, ते आठवतं का ते सांग.’

ताईला आठवत होतं. मलाही. आईला गणित प्रचंड आवडतं. पेपर तपासावा तशी ती आमच्या वह्या तपासायची, आणि एखादं उदाहरण आमच्याआधी सुटलं की लहान मुलीसारखी खूश व्हायची.

ताई जूनमध्ये हैदराबादला गेली. आता गुरुवारी रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल असतो. भाची वही कॅमेऱ्यासमोर धरते आणि इकडे पुण्यात आई चष्मा पुसून म्हणते, ‘हातचा कुठे गेला?’