कीबोर्ड घ्या, पण वायरवाला



क्युपर्टिनोत राहून कीबोर्डवर बोलणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नावं ठेवणं. तरी बोलतो. इथल्याच ॲपलने १९८७ साली आल्प्स कंपनीचे स्विच घातलेला दणकट एक्स्टेंडेड कीबोर्ड काढला. शौकीन लोक तो अजून शोधून वापरतात. त्याच ॲपलच्या लॅपटॉपवर २०१५ पासून बटरफ्लाय कीबोर्ड आला, तो बारीक धुळीनेही अडायचा. तो दावा २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरला मिटला. तेव्हा महाग आणि पातळ ते चांगलं, हे डोक्यातून काढा.

जर्मन चेरी कंपनीच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले, म्हणून आज ५०-६० डॉलरमध्ये उत्तम मेकॅनिकल मिळतो. वायरलेसचे पैसे वाचवा. चार्जिंगची कटकट नाही. त्याऐवजी हॉट-स्वॅप बघा: स्विच बिघडला की उपटायचा, नवा बसवायचा, सोल्डरिंग नाही.

निळा स्विच मात्र नको! टकटक गोड वाटते खरी, पण अपार्टमेंटच्या भिंती पातळ, आणि रात्री पुण्याच्या टीमशी कॉल चालू असला की पलीकडे आपल्या बोलण्याऐवजी टायपिंगच ऐकू जातं. गेमवाल्या पोरांना सरळ खाली जाणारा लाल आवडतो. घरात एकच घ्यायचा तर तपकिरी. पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही, इनस्क्रिप्ट सॉफ्टवेअरमध्येच असतं. सँटा क्लारात मायक्रो सेंटर २०२५ मध्ये पुन्हा उघडलंय. आधी तिथे जाऊन बोटं चालवून बघा, मग ऑर्डर करा.