कार्ड बदलायच्या आधी चार प्रश्न विचारा

"गेम अडखळतोय? मग ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, मोठं घ्या."

हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता स्पष्टच लिहितो. मंडळी, याला निदान म्हणत नाहीत, याला विक्री म्हणतात.

मुळात काय होतं ते बघा. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, कोण पळतंय, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्यावरून चित्र काढायचं काम कार्डाचं. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड चाळीसवर असेल तर कार्ड कामाची वाट बघत बसलंय. पोळ्या लाटणारा एकच माणूस आणि आपण तवा मोठा आणतोय! पोळ्या वाढतील कशा?

माझ्या भाच्याला एका दुकानात हाच सल्ला मिळाला. खोका उघडून बघितलं तर १६ जीबीची रॅम एकाच पट्टीत. ८-८ च्या दोन पट्ट्या असत्या तर दोन मार्गांनी माहिती आली असती. त्यातून ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती, कारण बायोसमधलं एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. प्रोसेसर रॅमची वाट बघत थांबतो तो वेळसुद्धा 'बिझी' म्हणूनच दिसतो. दुसरी पट्टी टाकली, एक्सएमपी चालू केलं, गेम सुधारला. जुनंच कार्ड अजून मस्त चालतंय.

तेव्हा पैसे काढण्याआधी घरी एवढं करा. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की मदरबोर्डला, ते बघा. हसू नका, ही चूक खूप घरांत सापडते. प्रोसेसर तापून वेग कमी करतोय का, मागे काय काय चालू आहे, ते तपासा. टास्क मॅनेजरच्या एकूण आकड्यावर विसंबू नका. तो तीस टक्के दिसला तरी एखादा कोअर शंभरवर असू शकतो. मग गेमचं रिझोल्यूशन वाढवा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण कार्डाची नाही. आणि फ्रेमवर ६० ची मर्यादा लावलेली असेल तर कार्ड निवांत दिसणारच, त्यात बिघाड काही नाही.

दोष फक्त दुकानांचा नाही, हेही सांगतो. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला, तेव्हा चांगल्या चांगल्या प्रोसेसरना घाम फुटला. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' (मार्च २०२४) च्या वेळी तर प्रत्येक पात्राच्या हिशेबात प्रोसेसरची बरीच ताकद जाते, असं कॅपकॉमनंच मान्य केलं. मग दुरुस्तीचे पॅच येईपर्यंत अर्धवट माल पूर्ण किमतीला का? स्टीमवर पैसे परत मिळतात, पण १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलात तरच. गेम शेडर तयार करत बसतो तो वेळही त्याच दोन तासांत जातो!

कुणी म्हणेल, हौसेच्या वस्तूसाठी एवढा आटापिटा कशाला? अहो, त्याच मशीनवर पोरं अभ्यास करतात, एडिटिंग करून चार पैसे मिळवतात. घरचे हप्ते भरतात, वर १८ टक्के जीएसटी. ही हौस नाही, घामाचा पैसा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पीसी घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा: प्रोसेसर आणि कार्डाची जोडी जमते का? रॅम किती पट्ट्यांत? ती लिहिलेल्या वेगावर चालते का? आणि माझ्यासमोर गेम चालवून प्रोसेसर-कार्डाचे आकडे दाखवणार का? उत्तरं पक्क्या बिलावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचवाल आणि तक्रारीची वेळ आली की हात चोळत बसाल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तिथे कागद बोलतो.

प्रामाणिक दुकानदारांना या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्यांना येईल, त्यांच्याकडून घेऊच नका.

घरात दहावी-बारावीनंतर पीसी घ्यायचं चाललंय, अशांपर्यंत हे पोचवा.